घाटाच्या पायऱ्या

गंगाखेडच्या गोदाघाटावरील आमच्या दादांचें प्रातःस्नान चाळीस वर्षें चुकलें नव्हतें. २०२३ सालच्या हिवाळ्यांत मात्र परततांना ते पायऱ्यांवर दोनदां बसूं लागले. छातींत मधोमध जड वाटे. बसलें कीं थांबे. 'पित्त आहे,' असें म्हणून ते आल्याचा रस घेत, आणि आम्ही घरचीं चौदा माणसें वयाकडे बोट दाखवून स्वस्थ राहत असूं. मुंजीपासून गाईच्या चाऱ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा खल करणारें आमचें कुटुंब. पण 'आपण मध्येंच कां बसतां?' हें वडील भावास विचारण्याचें मला सुचलें नाहीं.

अखेर वहिनींनींच विचारलें. परभणीस तपासणी झाली, आणि तेथून आगगाडीनें आम्ही छत्रपति संभाजीनगरास गेलों. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या तिन्ही मुख्य रोहिण्या अरुंद झाल्या होत्या, आणि भिंतींत कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या टणक बनल्या होत्या. दादांनीं त्याच दिवशीं दूध आणि पानांतला चुना सोडला! डॉक्टर हंसून म्हणाले, "हा चुना ताटांतून येत नाहीं. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि वय यांनीं तो भिंतींत वर्षानुवर्षें सांठतो."

१९७७ सालीं झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंटझिग यांनीं हृदयाच्या रोहिणींत फुगा फुगवून ती रुंद करण्याची युक्ति यशस्वी केली. पण दगडी भिंतीपुढें तो फुगा हतबल होतो. स्टेंट अर्धवट उघडला तर त्यांत रक्ताची गुठळी होण्याचें भय असतें. मधुमेह्याच्या तिन्ही रोहिण्या बिघडल्या असतां सामान्यतः बायपासच श्रेयस्कर, असें शल्यचिकित्सकांनीं सांगितलें. परंतु जुन्या क्षयानें दादांचीं फुप्फुसें इतकीं दुबळीं, कीं छाती उघडणेंच धोक्याचें होतें. मूतखड्याप्रमाणें ध्वनिलहरींनीं चुना तडकविण्याची नवी रीत आहे. पण दादांच्या रोहिणींतून तो फुगा आंत शिरेना इतकी वाट अरुंद. उरला मार्ग रोटॅब्लेशनचा. हिऱ्याचे कण जडविलेलें बारीक टोंक मिनिटाला सुमारें दीड लाख फेरे घेत चुना घासतें; चुरा तांबड्या पेशींहूनहि बारीक असल्यानें बहुतेक रक्ताबरोबर वाहून जातो. मग फुगा, मग स्टेंट. रोहिणीस भोंक पडण्याची भीतिहि डॉक्टरांनीं लपविली नाहीं.

मीं म्हटलें, "या वयांत हा उपद्व्याप कशाला? औषधांवरच राहूं."

दादा शांतपणें म्हणाले, "अरे, भीति तुला वाटते, छाती माझी दुखते. मला घाट चढायचा आहे."

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. उपचार दोन वेळां मिळून पुरा झाला. त्यानें रोग नाहींसा झाला असें नाहीं. रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या, साखरेवर नजर आणि तंबाखूचा कायमचा त्याग हें व्रत चालूच आहे. दादा आतां सावकाश, पण न बसतां वर येतात. दाराशीं वहिनी रोज विचारतात, "आज कितीदां बसलांत?"

एवढासा प्रश्न! तो आम्हीं वेळींच विचारला असता, तर हिऱ्याच्या टोंकाची गरज कदाचित् पडली नसती. वाचकहो, आपल्या घरींहि कोणी पायऱ्यांवर मध्येंच बसत असेल; त्याला आजच विचारा.