मुळाचा ठाव

आमच्या सासूबाईंच्या कमरेवर जखम आहे, हे मला दोन वर्षे ठाऊक नव्हते. पहाटे उठायचे, परकराची नाडी करकचून आवळायची, साडी खोचायची आणि गोठ्यात शिरायचे, हा त्यांचा उभ्या जन्माचा क्रम. नाडीखालची कातडी आधी काळी पडली, मग सोलली, मग चिघळली. त्यांनी हळद लावली, खोबरेल लावले. नाडीची जागा मात्र बदलली नाही. गेल्या सुगीत धुणे धुताना मला परकरावर रक्ताचा डाग दिसला. विचारले तर म्हणाल्या, "काचलं असेल गं. एवढ्याशासाठी डॉक्टर कशाला?"

तालुक्याच्या डॉक्टरांनी जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला. कातडीचा कर्करोग निघाला. त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही.

जिल्ह्याच्या सर्जनने शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी सांगितली. सासूबाई चमकल्याच. "ती तर पोटुशी बायकांची! सत्तरीत मला लोक काय म्हणतील?" त्यातून दारावर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी. ती वाचून त्यांनी तोंडाला पदरच लावला.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई शेतकऱ्याच्याच घरातल्या असाव्यात. त्यांनी विचारले, "आजी, हराळी वरवर खुरपली तर?"

"पुन्हा फुटते."

"तसंच हे. मूळ किती खोल गेलंय, ते आधी बघू."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. या यंत्रातून कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटते. क्ष-किरण त्यात नसतात. पोट पाहायला साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी लागतात. कातडीसाठी १५-२० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरच्या वापरतात. त्या खोल जात नाहीत, पण वरचे थर बारकाईने दाखवतात.

जखमेवर थंडगार जेली लावून पट्टीसारखा चपटा दांडा फिरवला. सुई नाही, भूल नाही. गाठ ४ मिलिमीटर खोल होती. खालचा स्नायू मोकळा होता. कमरेच्या कातडीचा रोग पसरलाच तर जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींकडे जाऊ शकतो, म्हणून त्याही पाहिल्या. जांघेत एक गाठ मोठी दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. चित्रात पाहतच तिच्यात सुई घालून पाणी काढले. चार दिवस आम्ही देव पाण्यात घातले. पण ती गाठ जखमेच्या सुजेनेच वाढलेली निघाली.

सर्जनने भोवतालची सुमारे १ सेंटीमीटर निरोगी कातडी घेऊन गाठ काढली. जांघेला हात लावावा लागला नाही. काढलेल्या गाठीच्या तपासणीत कडा स्वच्छ आल्या आणि खोली थोडी कमीच भरली. कारण सोनोग्राफीत भोवतालची सूजही मोजली जाते. रोग कोणता, हे सोनोग्राफी ठरवत नाही. ते तुकडा तपासूनच कळते. पण सुरी किती खोल न्यायची, याचा अंदाज तिने आधी दिला.

कमरेचे हे दुखणे नवे नाही. धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाविषयी मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहिले होते. परकराच्या नाडीखालच्या अशा रोगाची हकिकत वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये मांडली.

आता सासूबाईंच्या परकराला मी चार बोटे रुंद पट्टा शिवला आहे. तो त्या सैल बांधतात आणि जागाही बदलतात. शेजारणी आल्या की आधी त्यांच्या कमरेची चौकशी होते.

भगिनींनो, महिनाभरात भरून न येणारी जखम पदराआड ठेवू नका. मूळ उथळ आहे तोवरच दाखवा.