पश्चिमेची भिंत

मुलांनो, माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. घर जांभ्या दगडाचं, म्हणजे चिऱ्याचं. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की टणक होतो. पण अंगाला भोकंच भोकं! पाणी पितो म्हणजे किती पितो! आणि कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोही सरळ पडेल तर शपथ! समुद्राकडून तिरपी झड येते नि पश्चिमेची भिंत एकटी मार खाते.

म्हणून मे महिन्यात त्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांचा आडोसा बांधायचे. तिचा रेनकोटच म्हणा ना! दिवाळीआधी तो काढून शेवाळ घासायचं, मग चुना. कळीचा चुना पाण्यात टाकला की असा खदखदतो! मामा आम्हाला लांब पिटाळायचा. ताज्या चुन्यावर शेवाळ सहजी धरत नाही, बरं का.

२०१९ साली मामा म्हणाला, "दरवर्षी कोण घासत बसणार?" आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. सुरेख दिसला! पण त्याला बारीक भेगा पडल्या. त्यांतून पाणी आत शिरलं, बाहेर यायला मात्र वाट नाही. चुन्यातून ओल वाळून जाते, सिमेंटमधून तशी जात नाही. पोपडे सुटले, त्यांच्याबरोबर चिऱ्याचे टवकेही. एका भेगेत पिंपळ उगवला.

यंदा गेले, तर मामा छिन्नीने सिमेंट काढत होता. पिंपळ दोनदा कापला, पण मूळ दोन चिऱ्यांच्या सांध्यात रुतलंय.

"हे निघालं की चुना भिजत घालतो," मामा म्हणाला. "बायो, घासायला येशील ना?"