चोचीचे चोचले

'ज्याने चोच दिली, तो चाराही देईल' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मेसच्या रांगेत उभं राहून रश्श्यात फ्लॉवर शोधणाऱ्या आम्हा होस्टेलवासीयांना ती फार धीर देते. पण म्हण काढणाऱ्याने एक शक्यता लक्षातच घेतली नाही. चोच दिली, चाराही दिला, आणि चोचच एवढी वाढली की समोरचा चारा खाता येईना, तर?

ऐन सबमिशनच्या दिवसांत हा प्रश्न माझ्यासमोर आला, आणि तो 'कंपल्सरी' होता. ऑप्शनला टाकण्याची सोय नव्हती.

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी बंड्या नावाचा एक बजरीगर आहे. बजरीगर म्हणजे आपण सर्रास ज्याला 'लव्हबर्ड' म्हणतो तो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, हा ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. आजी गेल्यावर आजोबांना सोबत म्हणून बाबांनी आणला. आजोबा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे बंड्या 'राम राम' वगैरे न शिकता 'पुढे चला, पुढे चला' एवढंच शिकला. कोणी दारात रेंगाळलं की पिंजऱ्यातून हुकूम सुटायचा. घरात दिवसभर आजोबांशी बोलणारं तेवढंच कोणीतरी होतं.

एका रात्री आजोबांचा फोन आला. "अरे, बंड्या दोन दिवस बोलला नाही. चोच एवढी वाढलीय की पार गळ्याला टेकते."

"खातो का?"

"वाटी भरलेलीच आहे."

यात एक गंमत आहे. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल तिथंच टाकतो. त्यामुळे रिकामी वाटीसुद्धा भरलेली दिसते, आणि नवख्या घरात पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी राहू शकतो. आजोबा मात्र रोज फुंकर मारून टरफलं उडवत. या वेळी फुंकरीने काहीच उडालं नाही. सगळे दाणे जसेच्या तसे! पक्षी विकणाऱ्याने सल्ला दिला होता, "काही नाही, नेलकटरने टोक उडवा." आजोबांच्या हातात नेलकटर तयार होता.

"आजोबा, सकाळपर्यंत थांबा. मी विचारतो कोणाला तरी."

होस्टेलमध्ये सल्ल्यांना तोटा नसतो. मेकॅनिकलवाला म्हणाला, "वर्कशॉपमधून स्मूथ फाइल आण." सिव्हिलवाला म्हणाला, "पिंजऱ्यात वीट ठेव." कॉम्प्युटरवाल्याने नेहमीप्रमाणे "रिस्टार्ट करून बघ" सांगितलं. शेवटी माझा बारावीचा मित्र आठवला. तो शिरवळला पशुवैद्यकाचं शिक्षण घेतोय. त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "नेलकटर लांब ठेवायला सांग!"

त्याने जे समजावलं ते मला आमच्या कोणत्याही लेक्चरपेक्षा लवकर कळलं. चोच म्हणजे आत हाड आणि वर केराटिनचं आवरण. आपली नखं ज्याची बनतात, तेच केराटिन. ते आयुष्यभर वाढतच राहतं. निरोगी पोपटाची चोच लांब होत नाही, ती वाढ थांबते म्हणून नव्हे, तर जेवढी वाढते तेवढीच झिजते म्हणून. मशीनमध्ये झीज हा आपला शत्रू, इथे झिजेवरच सगळं डिझाइन उभं! पण आतल्या भागात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. टोक उडवताना कट चुकला, चोच तडकली, तर रक्त थांबवणं कठीण.

"थोडं रक्त गेलं तर काय होतं?" मी विचारलं.

"गणित कर," तो म्हणाला. "पक्ष्याच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा रक्त असतं."

केलं. बंड्या पस्तीस ग्रॅमचा धरला, तर अंगात रक्त साडेतीन मिलिलिटर. त्याचा दहावा भाग गेला की धोक्याची सुरुवात. म्हणजे ०.३५ मिलिलिटर. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर फक्त सात थेंब! सेमिस्टरभरात इतकी गणितं सोडवली, पण उत्तर बघून हात थरथरला असं हे पहिलंच.

मित्राने कोल्हापुरातल्या, पक्षी तपासणाऱ्या एका डॉक्टर मॅडमचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी आजोबा भोकं पाडलेल्या खोक्यात बंड्याला घेऊन पहिल्या एस.टी.ने निघाले. आंबा घाटात सगळ्या प्रवाशांना बंड्याची हिस्टरी पाठ झाली होती म्हणे.

मॅडमनी आधी चोच बघितलीच नाही. बंड्याला छोट्या काट्यावर तोललं, छातीचं हाड चाचपलं, पोट बघितलं. मग भिंगातून चोचीवरचे बारीक काळपट डाग दाखवले. म्हणाल्या, "हे डाग आणि ही वाढ एकत्र दिसली की मला यकृताचा संशय येतो. नाकाशी खरखरीत खपली असती तर किडे म्हटले असते. तसं नाही. खायला काय देता?"

"राळे," आजोबा म्हणाले, "आणि सूर्यफुलाचे दाणे. फार आवडतात त्याला. मी रोज हातावर घेऊन भरवतो."

सूर्यफुलाच्या बीमध्ये तेल भरपूर. छोट्या पिंजऱ्यातला पक्षी उडत नाही, चरबी यकृतात साठते. यकृत बिघडलं की केराटिनचा कारभारही बिघडतो आणि चोच वेडीवाकडी, भराभर वाढते. म्हणजे लांब चोच हा आजार नव्हता, ते मीटरचं रीडिंग होतं. नेलकटरने काटा मोडला असता, बिघाड तसाच राहिला असता.

आजोबा एकदम गप्प झाले. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं. "आजोबा, तुम्ही त्याचे लाड केलेत. ते बंद नाही करायचे, फक्त बदलायचे."

मग त्यांनी टॉवेलमध्ये बंड्याला धरून, हातात मावणाऱ्या छोट्या ग्राइंडरने थोडं थोडं करत चोच घासली. दोनेक मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांत आजोबांनी माझा हात जो घट्ट धरला होता, तसा मी लहानपणी जत्रेत त्यांचा धरायचो.

रात्रीची गाडी चुकली. रेक्टर सरांना सगळं सांगितलं. सर खोक्यात डोकावले आणि म्हणाले, "एकच रात्र. आणि मेसचं त्याला काही देऊ नका, आधीच आजारी आहे!" आजोबा माझ्या कॉटवर, बंड्या टेबलावर, मी जमिनीवर. दिवे घालवल्यावर करकर असा बारीक आवाज सुरू झाला. रूममेट दचकून उठला, "उंदीर!" उंदीर नव्हता. झोप आली, जरा बरं वाटलं की पोपट वरची चोच खालच्या चोचीवर घासतात. चोच झिजवण्याचं त्यांचं मुख्य हत्यार चोचच. आजोबा अंधारात बराच वेळ तो आवाज ऐकत होते.

ज्यांच्या घरी बजरीगर किंवा कॉकाटील आहे, त्यांच्यासाठी मॅडमनी सांगितलेलं थोडक्यात लिहितो. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्यांऐवजी पेरूच्या, कमी-जास्त जाडीच्या सालासकट फांद्या धुऊन लावा. पक्षी त्यांवर चोच पुसतो, साल सोलत बसतो. समुद्रफेस अडकवून ठेवा; त्यातून कॅल्शियम मिळतं आणि कुरतडायला काम मिळतं. आम्हा कोकणवाल्यांना तो किनाऱ्यावर फुकट सापडतो, फक्त गोड्या पाण्यात चांगला भिजवून, धुऊन वाळवायचा. कोथिंबीर, पालक, किसलेलं गाजर द्या, पण खाणं एकदम बदलू नका. अनोळखी अन्न बघून पक्षी उपाशी बसतो. दर आठवड्याला वजन करा. आणि चोच वाढलेली दिसली तर कात्री नव्हे, डॉक्टर शोधा. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट मात्र घरी आणूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. त्याची चोच झिजवायला झाडं समर्थ आहेत.

बंड्या पूर्ण बरा झाला असं म्हणणार नाही. दर दोन महिन्यांनी त्याला कोल्हापूरला 'सर्व्हिसिंग'ला यावं लागतं. पण पाचव्या आठवड्यात आजोबांनी फोन केला, काहीच न बोलता तो पिंजऱ्याशी धरला, आणि पलीकडून खरखरीत आवाजात ऑर्डर आली, "पुढे चला, पुढे चला!"

आजोबा हल्ली सूर्यफुलाचे दोनच दाणे देतात, तेही रविवारी. बाकीचे दिवस गाजर किसतात. माझ्यासाठी त्यांनी आयुष्यात कधी गाजर किसलेलं मला आठवत नाही. पण तक्रार नाही. चोचीचे चोचले पुरवावेच लागतात.