अपुऱ्या दिवसांचे
निपाणीच्या आमच्या घरी पूर्वी अपुऱ्या दिवसांचे मूल कापसात गुंडाळीत, पुढचे दैवाधीन. सुनेला दसऱ्याच्या सुमारासच कळा सुरू झाल्या, तेव्हा मात्र आम्ही बेळगाव गाठले. डॉक्टरांनी दिवस विचारले. आमचे उत्तर : ‘शिमग्याच्या पुढेमागे!’ सोनोग्राफीने सातवा महिना निश्चित झाला, मगच स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले.

या औषधाने गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली दाखविले. परंतु तेच रोगप्रतिकारशक्तीला आवरही घालते. बेळगाव-नागपूरच्या परिसरासह सहा देशांतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. औषधाची मोहीम राबविलेल्या भागांत हजारी २७.४ नवजात बालके दगावली, इतरत्र २३.९, मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळंतपणे पुढे भरल्या दिवसांनीच झाली होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सोनोग्राफीने दिवस मोजून रुग्णालयात दिलेल्या याच औषधाने अधिक बाळे वाचली.

आमचे ‘शिमग्याच्या पुढेमागे’ तेव्हा कोणी खरे मानले असते तर?

नात आता शाळेत जाते. थंडीत ती खोकली, की आम्ही दोघेही उठून बसतो.