जिथे झ्यूस पानांतून बोले

ग्रीसला गेलेला आपला मनुष्य अथेन्सचे अक्रोपोलिस पाहतो आणि परततो. वायव्येकडच्या एपिरस प्रांतात, योआनिना शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर दोदोना आहे, तिकडे सहसा कुणी वळत नाही. तोमारोस डोंगराच्या पायथ्याशी लांबट दरी, हजारो माणसे बसतील असे दगडी नाट्यगृह, देवळांची उरलेली जोती आणि एक ओक वृक्ष. हा वृक्ष नंतर लावलेला.

मूळ ओकच्या पानांच्या सळसळीतून झ्यूस कौल देई. इलियडमध्ये इथल्या पुजाऱ्यांचे वर्णन आहे : जमिनीवर निजणारे आणि पाय न धुणारे. आपल्या आजीने त्यांना ओसरीवरदेखील चढू दिले नसते!

कौल मागणारे आपला प्रश्न शिशाच्या पातळ पट्टीवर कोरीत. अशा हजारो पट्ट्या उत्खननात निघाल्या आहेत. अगिस विचारतो, हरवलेली पांघरुणे नि उशा बाहेरच्या कुणी चोरल्या का? लिसानियास विचारतो, अन्निलाच्या पोटातले मूल माझेच ना? बिचारी अन्निला! देवाने काय उत्तर दिले, ते पट्टीवर नाही.

या पट्ट्या झ्यूस आणि दिओने या जोडप्याला उद्देशून आहेत. इतरत्र झ्यूसची राणी हेरा. इथे मात्र दिओने. हे नाव त्याच्याच नावाचे स्त्रीरूप आहे. आणि झ्यूस म्हणजे कोण? ऋग्वेदातला आपला द्यौः, प्रकाशमान आकाश! ऋग्वेदात त्याला ‘द्यौष्पिता’ म्हटले आहे, रोमन लोकांनी ‘जुपिटर’ म्हटले. तिन्हींमागचा शब्द भाषापंडित ‘द्येउस्’ असा मांडतात आणि त्याच्या डोक्यावर एक तारका ठेवतात. तारकेचा अर्थ असा, की हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही; तो नियमांनी बसवलेला आहे.

नियम नसते तर नुसत्या कानांनी भलतीच नाती जुळवली असती. ग्रीक ‘थेऑस’ म्हणजे देव. कुणालाही वाटेल, हा आपला ‘देव’च. पण संस्कृत ‘द’च्या जागी ग्रीकमध्ये ‘ड’ येतो (दश, डेका) आणि ‘थ’ येतो तो ‘ध’च्या जागी (धूम, थ्यूमॉस). तेव्हा ‘थेऑस’चा आणि ‘देव’चा संबंध नाही. लॅटिन ‘देउस’ मात्र आपल्या ‘देवा’चा सख्खा भाऊ.

आणि या हिशेबाला पुढे साक्षीदारही मिळाला. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने ‘लिनिअर बी’ ही प्राचीन लिपी उलगडली. पिलोस येथील सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या पाटीवर देवांना अर्पण करायच्या सोन्याच्या पात्रांची यादी आहे. तीत झ्यूसची चतुर्थी दोन अक्षरांत लिहिली आहे : ‘दि-वे’. ‘झ्यूसला’ असा तिचा अर्थ. आता संस्कृत रूपावली आठवा. द्यौःची चतुर्थी काय? ‘दिवे’!

आपल्याकडे या देवाची रया लवकरच गेली. ऋग्वेदातही त्याला एकट्याला सूक्त नाही. तो यायचा तो पृथ्वीच्या जोडीने, ‘द्यावापृथिवी’ म्हणून. पुढे इंद्र-विष्णूंच्या गर्दीत तो दिसेनासा झाला, उरला तो आपल्या ‘दिवस’ या शब्दात. दोदोनाला मात्र तो शतकानुशतके नांदला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पाउसानिआस इथल्या पुजारिणींच्या जुन्या गाण्याची नोंद करतो. त्या गाण्यात आधी झ्यूसचे नाव येते, आणि त्याच्या मागोमाग पृथ्वीमातेचे.