आधी पाटी, मग पेटी

घरात आम्ही "पेटी घ्यायची आहे" असे म्हणालो, तेव्हा आईला वाटले हार्मोनियम घ्यायची आहे. त्यात तिची चूक नव्हती. नाना, म्हणजे आमचे वडील, हयात होते तोवर आमच्या घरात पेटी या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. दिवसा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी मजुरी आणि रात्री गायन पार्टी, हा त्यांचा जन्मभराचा क्रम. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांची गाणी नानांना तोंडपाठ होती. आम्हाला हवी होती ती पेटी मात्र कॉम्प्युटरची, दुकानदार जिला कॅबिनेट म्हणतात ती.

कॉम्प्युटर कशाला, हे आधी सांगितले पाहिजे. गेल्या पावसाळ्यात माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, तर त्यात नानांच्या कार्यक्रमांच्या १३ कॅसेटी निघाल्या. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, शेजारच्या एका काकांनी आपल्या टेपरेकॉर्डरवर भरून दिलेल्या. सोबत ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, १९९६ सालची. तिच्या फितीवर पांढरी बुरशी धरू लागली होती. नाना जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांचा आवाज या डब्याखेरीज जगात कुठेही नाही. जुन्या फितीवरचा लेप सुटू लागला, की ती आणखी किती वेळा टेपमध्ये फिरेल याचा भरवसा राहत नाही.

आमच्याकडे ४३ इंची टीव्ही आहे, हप्त्यांवर घेतलेला. घेतला तेव्हा तो 'स्मार्ट' होता. चार-पाच वर्षांत त्याचा स्मार्टपणा ओसरला. पेन ड्राइव्ह लावला तर एक फाईल चालते, दुसरीला तो नकार देतो. थोरलीला बारावीची व्याख्याने मोठ्या पडद्यावर पाहायची होती, धाकट्याला सिनेमे हवे होते, आम्हाला कॅसेटी उतरवून जपून ठेवायच्या होत्या. टीव्हीला मागून खोचायची स्टिक बाजारात मिळते, पण तिच्यात कॅसेट भरता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात वेगळ्या टेबलाला जागा नाही. तेव्हा टीव्हीखालच्या शोकेसमध्ये मावेल आणि टीव्हीलाच जोडता येईल असा कॉम्प्युटर जुळवायचा, असे ठरले. याला म्हणे होम थिएटर पीसी म्हणतात. थिएटर शब्द ऐकून सौ. हसली. आमच्या लहानपणी वस्तीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणीत, एका रात्रीत तीन सिनेमे होत. तेच आमचे थिएटर.

पैसा सौ.च्या भिशीचा होता, ३० हजार. त्यातून ओट्याला ग्रॅनाइट बसवायचा तिचा विचार होता. तो तिने आपण होऊन मागे ठेवला. "नानांचा आवाज ऐकायचाय मला, सून म्हणून आले तेव्हा ते नव्हते," एवढेच म्हणाली. त्यामुळे हा पैसा चुकता कामा नये, असे आम्ही मनाशी बजावले आणि पहिल्याच आठवड्यात चुकलो.

झाले असे. आम्ही बी. कॉम. आहोत, कारकुनी करतो. जमाखर्च कळतो, मदरबोर्ड कळत नाही. शहरातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात एक सडपातळ काळी पेटी दिसली. पुस्तकाच्या दोन गठ्ठ्यांएवढी, शोकेसमध्ये हुबेहूब शोभेल अशी. दुकानदार म्हणाला, "साहेब, शेवटचा पीस आहे." ३,४०० रुपये मोजून घेऊन आलो. घरी सगळ्यांनी कौतुक केले. नंतर मदरबोर्ड घ्यायला गेलो, तर जो तो बोर्ड पेटीपेक्षा मोठा. पेटी परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, कारण खोका फोडलेला होता. पावतीवर तसे छापलेलेही होते. रोज लोकांना 'पावतीवरची बारीक अक्षरे वाचा' असे आम्हीच सांगत असतो!

आमच्या वस्तीतला एक मुलगा आयटीआय करून कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. त्याच्या शिष्यवृत्तीचे अर्ज एके काळी आम्ही भरून दिले होते. त्याला बोलावले. त्याने पेटी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "काका, तुम्ही आधी पेटी घेतली. आधी पाटी ठरवायची, मग पेटी."

मग त्याने टेप लावून समजावले. बोर्डाची मापे जगभर ठरलेली आहेत. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचे माप आणले, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. त्याचा धाकटा भाऊ मायक्रो एटीएक्स, चौरस, २४४ मिलिमीटरचा. त्याहून लहान मिनी आयटीएक्स, १७० मिलिमीटर चौरस. तो २००१ साली व्हीआयए या तैवानी कंपनीने काढला. आमची पेटी या शेवटच्या मापाची होती. लहान बोर्ड स्वस्त असेल असे आपल्याला वाटते, पण उलट आहे. आपल्याकडे दुकानदार मुख्यतः मायक्रो एटीएक्स ठेवतात, कारण खपतो तोच. मिनी आयटीएक्स मागवावा लागतो, महाग पडतो आणि त्यावर मेमरीच्या, कार्डांच्या जागाही थोड्या. शिवाय लहान पेटीला पॉवर सप्लायही वेगळ्या आकाराचा लागतो. तो बिघडला तर इथल्या इथे दुसरा मिळेलच असे नाही. नेहमीच्या मापाचा असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातूनही आणता येतो. ज्याला दुरुस्तीला पैसे मोजून द्यावे लागतात त्याने नेहमीचे माप घ्यावे, हे त्याचे म्हणणे आम्हाला शंभर टक्के पटले. देखणेपणाची हौस ३,४०० रुपयांत फिटली होती.

तर पाटी. कोणता बोर्ड, हे ठरवायला आम्ही एक अख्खा रविवार घालवला. त्या मुलाने कागदावर आधी लिहिले, 'काम काय?' गेम खेळायचे नाहीत. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसावे, आवाज भरता यावा, मशीन तापू नये. एवढ्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरच्या पोटातलेच पुरते. पण इथे एक मेख आहे. इंटेलचा आय-थ्री १२१०० आणि आय-थ्री १२१००एफ हे दिसायला जुळे. 'एफ' वाल्यात ग्राफिक्स नसते, म्हणून तो स्वस्त. तो घेऊन बोर्डाची एचडीएमआय वायर टीव्हीला लावली तर पडदा काळाच राहणार. एका अक्षराचा फरक. आम्हाला एका दुकानात तोच 'सेम आहे' म्हणून दाखवला होता.

एचडीएमआयमध्येही प्रकार आहेत. १.४ आवृत्तीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. ६० वेळा जायला २.० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. स्वस्त बोर्डांत एकाच चिपसेटच्या दोन मॉडेलांत हा फरक असू शकतो आणि तो खोक्याच्या कडेला बारीक छापलेला असतो. आम्ही चष्मा लावून वाचला. यावेळी बारीक अक्षरे सोडली नाहीत.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तीन लहानशी भोके होती. बोर्डाच्या मागे आवाजाची तीन छिद्रे असतात. हिरवे स्पीकरचे, गुलाबी माइकचे आणि निळे लाइन-इनचे. कॅसेट उतरवायची ती या निळ्यातून. माइकच्या छिद्रात टेपची वायर खुपसली तर बहुतेक वेळा आवाज एकेरी होतो आणि फाटतो, कारण ते छिद्र अगदी मंद आवाजासाठी केलेले असते. काही बोर्डांना, विशेषतः लहानांना, निळे छिद्रच नसते. आमच्या त्या काळ्या पेटीत मावणारा एक बोर्ड मुलाने मोबाईलवर शोधून दाखवला, त्याला ते नव्हते. म्हणजे पेटी जुळली असती तरी नानांचा आवाज बाहेरच राहिला असता. ३,४०० रुपयांचे दुःख त्या क्षणी निम्मे झाले.

शेवटी एच ६१० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड घेतला. लहान चकतीहीन डिस्कला, म्हणजे एसएसडीला, बोर्डावरच जागा. मोठ्या हार्ड डिस्कसाठी साटाच्या चार जोडण्या. पंख्यांचा वेग कमी-जास्त करता येईल अशा चार पिनांच्या दोन जागा. बाकी दिवे वगैरे काही नाही.

आता पेटी. शोकेसचा खण मोजला. रुंदी ४६ सेंटीमीटर, खोली ४०, उंची १८. मायक्रो एटीएक्सच्या बहुतेक पेट्या उभ्या असतात, आम्हाला आडवी हवी होती. पूर्वी आडव्या पेट्यांचेच कॉम्प्युटर असत, वर मॉनिटर ठेवत. आमच्या कार्यालयात कितीतरी वर्षे होते. मायक्रोसॉफ्टने २००२ साली टीव्हीसमोर बसून रिमोटने चालवायची 'मीडिया सेंटर' नावाची विंडोज काढली, तेव्हा परदेशात खास दिवाणखान्यासाठी देखण्या आडव्या पेट्या निघाल्या. २०१५ च्या विंडोज १० मध्ये ते मीडिया सेंटर काढून टाकले गेले, लोक स्टिककडे वळले आणि या पेट्या दुर्मीळ झाल्या. नाशकात आम्हाला मिळाली नाही. एक किरकोळ रजा टाकली, पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून पश्चिम रेल्वेच्या लोकलने ग्रँट रोड आणि लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसे विचारले तर कोणी सांगत नाही. तिसऱ्या गल्लीतल्या पाचव्या दुकानात धूळ खात पडलेली एक आडवी पेटी मिळाली. वर जाळी, पुढे दोन यूएसबी, बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा टाकतो, म्हणून आवाज कमी. रात्री दहानंतर दुसऱ्या खोलीत मुले झोपलेली असताना याला फार किंमत आहे. पेटीसोबत एक पॉवर सप्लाय फुकट देत होते. तो नाकारला आणि नावाजलेला वेगळा घेतला. परतीच्या पंचवटीत पेटी मांडीवर होती. शेजारच्या प्रवाशाने विचारले, "हार्मोनियम का?"

रविवारी मुलाने जुळणी केली. टीव्हीवर चित्र उत्तम आले. ओळखीच्यांकडून टेप आणला, त्याचे डोके स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, निळ्या छिद्रात वायर लावली. नानांची कॅसेट लगेच लावायची नाही, असे त्याने बजावले होते; आधी बाजारातली एक जुनी कॅसेट चालवली. बरे झाले. गाण्याच्या मागे सतत 'घूं' असा आवाज. वायर बदलली, तरी घूं. पेटीला हात लावला तर झिणझिण्या आल्या. शोकेसमागच्या बोर्डाला तीन छिद्रे होती, पण तिसऱ्यात अर्थिंगची वायर आलेलीच नव्हती. इतकी वर्षे आम्ही त्यावर मिक्सर चालवला! वायरमनने मीटरपासून हिरवी वायर ओढली, ४५० रुपये. घूं गेली, झिणझिण्याही गेल्या. वाचकहो, कॉम्प्युटर घ्या न घ्या, पण घरातले तिसरे छिद्र एकदा तपासून घ्या.

शोकेसच्या मागच्या प्लायला सुताराकडून हातभर रुंद चौकोन कापून घेतला, नाहीतर एप्रिलमध्ये आत भट्टी होईल. टीव्हीचा रिमोट कॉम्प्युटरला लागू होत नाही, हेही उशिरा कळले. एक छोटा बिनतारी की-बोर्ड घ्यावा लागला. आईसाठी त्याच्या एका बटनावर हिरवी टिकली चिकटवली आहे.

हिशेब केला तर सौ.च्या ३० हजारांवर २,१०० रुपये वर गेले, काळ्या पेटीचे धरून. ते आम्ही पुढच्या पगारातून भरले. ग्रॅनाइट अजून व्हायचा आहे.

त्या रात्री पहिली कॅसेट लावली. आधी बराच वेळ फक्त खरखर, माणसांचा गलका, कुणाच्या तरी लेकराचे रडणे. मग नानांचा आवाज. गाणे नव्हते. ते विचारत होते, "माइक चालू आहे का रे?" आणि खोकले. सौ. पदर तोंडाशी धरून बसली. आई म्हणाली, "त्या वर्षी खोकला गेलाच नव्हता त्यांचा. गवती चहा करून द्यायचे मी." मग ढोलकी सुरू झाली. आईने की-बोर्ड हातात घेतला, हिरवी टिकली शोधली आणि दाबली. गाणे थांबले. आम्हाला वाटले चुकून दाबली. "चुकून नाही," ती म्हणाली, "ताईला फोन लाव आधी. ती आल्यावर पुढचं."

ताई भुसावळला असते, येत्या शनिवारी येते आहे. तोवर त्या कॅसेटची दुसरी बाजू आणि उरलेल्या १२ कॅसेटी डब्यातच आहेत. काळी पेटी माळ्यावर आहे. कुणाकडे निळे छिद्र असलेला जुना मिनी आयटीएक्स बोर्ड पडून असेल, तर त्या मुलाला हवा आहे. वस्तीच्या अभ्यासिकेसाठी एक मशीन जुळवायचे त्याच्या मनात आहे.