टाळूची उसनवारी

भोरच्या पेठेतून आणि तोरण्याच्या पायथ्याशी विसावलेल्या वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांतून माझ्याकडे येणाऱ्यांची कैफियत बहुधा एकच असते: "डॉक्टर, दात लांब व्हायला लागलेत, गार पाणी सोसत नाही." दात लांब झालेला नसतो, हिरडी मागे सरलेली असते, आणि जे मूळ जन्मभर झाकलेले राहावयाचे, ते दंतवल्काचे कवच नसल्यामुळे प्रत्येक घोटासरशी कळवळत असते.

किटण, राठ ब्रशाची आडवी घासणी, मुळातच पातळ हिरडी, ओळ सोडून पुढे आलेला दात, अशी कारणे पुष्कळ. परंतु या खोऱ्यांत मला सर्वाधिक भेटते ती मशेरी. तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते आणि मग ती वहिवाट दुपारी बांधावर टेकताना व रात्री निजण्यापूर्वीही सुटत नाही. म्हणून मी तोंड पाहण्याआधी उजव्या हाताची तर्जनी पाहतो. पेरावरची काळपट झाक पुष्कळदा जबानीपेक्षा खरे बोलते.

उपाय आहे, आणि तो सुबक आहे. १९८५ साली लँगर यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या टाळूतून, वरचे आवरण शाबूत ठेवून, आतील संयोजी ऊतकाची सुमारे दीड मिलिमीटर जाडीची चकती काढतात, ती उघड्या मुळावर ठेवतात, आणि हिरडीचा पडदा तिच्यावर ओढून केसासारख्या बारीक धाग्याने शिवतात. अधिक लाभाच्या मोहाने टाळूत फार खोल शिरावे, तर तेथील धमनी आडवी येते. चकती उघड्या मुळापेक्षा रुंद घ्यावी लागते, कारण मुळाच्या पृष्ठभागात रक्त नाही. आजूबाजूच्या जिवंत ऊतकातून झिरपणाऱ्या द्रवावरच ती पहिले दोनतीन दिवस तग धरते, आणि मग सूक्ष्म वाहिन्या तिच्यात शिरतात.

अशी उसनवारी नवी नाही. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नामक गाडीवानाला पुण्यानजीकच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक बसविले, हा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. त्या कातडीचा देठ जुळणी होईतो कपाळाशी राखला होता; रक्त त्यातूनच येत राहिले. आमच्या चकतीला देठ नाही. तंबाखूने आकसलेल्या वाहिन्यांच्या भरवशावर तिला सोडणे म्हणजे टाळूची उसनवारी करून ती बुडविणेच होय.

त्यात दोन दातांमधले हाड झिजलेले असले, तर निष्णात हातही मूळ पुरते झाकू शकत नाही. क्ष-किरण चित्रात ते हाड पाहिल्यावाचून मी कोणालाही शब्द देत नाही, मग पाहुण्यारावळ्यांकडून कितीही रदबदली होवो.

"मावशी, आधी मशेरी सुटली पाहिजे."

"सकाळची एकदाच लावते की, डॉक्टर. तेवढ्यानं काय हुतंय?"

एकदाचीही परवानगी मी देत नाही. शस्त्रक्रियेसाठी भातलावणी उरकेपर्यंतची मुदत मात्र आनंदाने देतो, कारण टाके घातलेल्या तोंडाने चिखलात वाकून दिवस काढणे कोणालाही जमणारे नाही. तोवर किटण काढतो, मऊ ब्रश हिरडीकडून दाताकडे कसा फिरवायचा ते आरशात दाखवतो, आणि दुपारची एस.टी. चुकू नये म्हणून त्यांना लवकर मोकळे करतो.